यूके स्पाउस व्हिसा, दुसऱ्यांदा: पुण्यातल्या कन्सल्टंट मॅडमचा माझा अनुभव

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली सांगते, पण आधी हे सांगते की या बाईंमुळे मी आज नवऱ्यासोबत एका घरात राहतेय, त्यामुळे लिहितेय ते मनापासून लिहितेय. ऑफिसचं नाव टाकत नाही, दोन खोल्यांचं छोटं ऑफिस आहे आणि तक्रारी पण लिहायच्यात, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. कुणाला यूकेचा स्पाउस व्हिसा (तिथे राहणाऱ्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जायचा व्हिसा) करायचा असेल तर चांगला माणूस कसा ओळखायचा एवढं यातून कळलं तरी खूप झालं.

आमचं लग्न साधं ठरवून झालेलं. मी साताऱ्याची, सासर कराडचं, नवरा २०१८ पासून इंग्लंडमध्ये डर्बीला मेंटेनन्स इंजिनिअर, पाच वर्षं वर्क व्हिसावर काढली आणि २०२३ ला त्याला आयएलआर मिळालं, म्हणजे तिथे कायमचं राहायची परवानगी. ऑगस्ट २०२३ मध्ये तो सुट्टीवर आला तेव्हा आमच्याकडे कांदेपोहे झाले, नंतर एकदा आम्ही दोघंच साताऱ्यात बाहेर भेटलो, तो परत जायच्या आधी सुपारी फुटली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कराडला लग्न. लग्नानंतर एकोणीस दिवस एकत्र राहिलो, त्यातले चार देवदर्शनात गेले, आणि त्याची सुट्टी संपली. आमच्यासारख्या हजारो घरांत असंच होतं ना. आपल्याकडे कोणी विचारत नाही की हे लग्न खरं आहे का म्हणून, चारशे माणसं जेवून गेलीयेत, अजून काय पाहिजे. पण तिकडच्या ऑफिसरच्या टेबलावर ती चारशे माणसं नसतात, तिथे फक्त कागद असतात, आणि हेच आम्हाला पहिल्या वेळी कोणी सांगितलं नाही.

पहिल्यांदा आम्ही दुसऱ्याच एका एजंटकडे गेलो होतो (त्यांचंही नाव नको). मोठं ऑफिस, एसी, भिंतीवर व्हिसा मिळालेल्या लोकांचे फोटो. त्यांनी लग्नाचा अख्खा अल्बम स्कॅन करून घेतला, दोनशेच्या वर फोटो, आणि म्हणाले बस्स, एवढा पुरावा कोणाकडे असतो. रिलेशनशिप स्टेटमेंट म्हणजे आपण कसे भेटलो, कसं ठरलं, पुढे काय करणार हे सांगणारं पत्र, ते त्यांनीच लिहिलं आणि माझ्यापुढे सहीला ठेवलं. मी वाचलं पण नीट नाही वाचलं, चूक माझीच, छान छान इंग्रजी होतं, सही केली. त्यात लिहिलं होतं की आम्ही कॉलेजपासून एकमेकांना ओळखतो आणि मैत्रीचं प्रेमात रूपांतर झालं. दुसऱ्या कोणाचं तरी पत्र, नावं बदलून आमचं केलेलं! आणि ऑनलाइन फॉर्ममध्ये मी स्वतः भरलं होतं की प्रत्यक्ष पहिली भेट ऑगस्ट २०२३. फॉर्ममध्ये हे सगळं वेगवेगळं विचारतात, पहिल्यांदा कधी भेटलात, नातं कधी सुरू झालं, लग्न कधी झालं, लांब असताना संपर्कात कसे राहता. दोन्ही गोष्टी एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी.

वर ते असंही म्हणाले होते की हनीमूनचे फोटो कमी आहेत, नवरा पुढच्या वेळी आला की महाबळेश्वरला जाऊन वेगवेगळ्या कपड्यांत काढून आणा. तेव्हा मला ते खटकलं नाही, आज खटकतं.

मे २०२४ ला अर्ज टाकला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला रिफ्युजल आलं, म्हणजे अर्ज नाकारला. पत्र मी सासरच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच मोबाइलवर वाचलं. त्यात होतं की हे नातं जेन्युइन अँड सबसिस्टिंग असल्याची खात्री पटत नाही. खरं आणि आजही चालू असलेलं, असा त्याचा अर्थ. स्टेटमेंट आणि फॉर्म जुळत नाहीत आणि लग्नाचा दिवस सोडला तर त्याच्या आधीनंतर दोघांचा संपर्क असल्याचं काहीच दिलेलं नाही. वाचून पहिला राग ऑफिसरवर आला, माझं लग्न खोटं म्हणतात म्हणजे काय. पण नंतर शांत डोक्याने तीच फाइल मी परक्या माणसासारखी वाचायला बसले आणि मला पण पटली नसती. दोनशे फोटो, सगळे एकाच दिवसाचे, आणि एक खोटं पत्र.

पैशाचं सांगायचं तर त्या वेळी अर्जाची फी १,८४६ पौंड होती ती गेली, ती परत येत नाही. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी हेल्थ सरचार्ज म्हणून जे भरावे लागतात, वर्षाला १,०३५ प्रमाणे तीन वर्षांचे ३,१०५ पौंड, ते रिफ्युज झाल्यावर कार्डवर परत आले, थोडे दिवस लागले पण आले. एजंटची फी अर्थात गेली.

या मॅडमचा नंबर मला माझ्या मावसबहिणीच्या शेजारणीने दिला. दिवाळीला नवरा दोन आठवड्यांसाठी आलाच होता, दोघं मिळून गेलो. कर्वे रोडच्या आतल्या बाजूला जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, दुसरा मजला, बाहेर चपला काढायच्या. भिंतीवर फोटो बिटो काही नाही. मॅडम पन्नाशीच्या असतील. आधी रिफ्युजलचं पत्र मागितलं, दोनदा वाचलं, मग आम्ही सही केलेलं ते स्टेटमेंट वाचलं आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "हे तुझं नाहीये ना गं?" मी तिथेच रडले. तोपर्यंत घरातले पण कुजबुजायला लागले होते की हिच्यातच काही खोट आहे का, आणि हे मला विचारणारी ती पहिली व्यक्ती होती.

त्यांचं पहिलं काम मला फार आवडलं ते असं की त्यांनी लगेच पैसे घेऊन अर्ज सुरू नाही केला. रिफ्युजलवर अपील करता येतं, भारतातून २८ दिवसांच्या आत, सुनावणीशिवाय म्हणजे कागदांवरच असेल तर ८० पौंड आणि सुनावणीसकट १४० पौंड, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं. मग म्हणाल्या की अपिलात तारीख लागायलाच बराच वेळ जातो, आणि आपल्या बाबतीत ऑफिसर चुकलेला नाही, आपला कागद चुकलाय, तेव्हा नवीन अर्ज जास्त बरा. पण नवीन अर्ज लगेच होणार नव्हता कारण नवऱ्याने नुकतीच नोकरी बदलली होती. यूकेतल्या जोडीदाराच्या वर्षाच्या पगाराची अट ११ एप्रिल २०२४ पासून १८,६०० वरून थेट २९,००० पौंड झालीय, त्याचा पगार त्याच्या वर होता, पण पगारावर दाखवायचं तर एकाच कंपनीत सहा महिन्यांच्या पेस्लिप, त्याच महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र लागतं. म्हणजे मे २०२५ च्या आधी नाही. माझं तोंड उतरलं, तर मॅडम म्हणाल्या सहा महिने काही वेगळं करू नका, जे रोज करताय तेच करा, फक्त काही फेकू नका.

हे "काही फेकू नका" मला नंतर कळत गेलं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी आम्हाला वेगवेगळं बसवलं, मला आतल्या खोलीत, नवऱ्याला बाहेर. मला वाटलं मुलाखतीची उत्तरं पाठ करून घेतील, कारण पहिल्या एजंटने तसा प्रश्नोत्तरांचा कागदच दिला होता. यांनी एकही उत्तर शिकवलं नाही. फक्त विचारत गेल्या आणि लिहून घेत गेल्या, तो कामाला कधी निघतो, जेवण कोण करतं, घरभाडं किती, तुझ्या सासूबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा कुठे होतीस, शेवटचं भांडण कशावरून झालं. मग दोघांचं समोरासमोर ठेवून सांगितलं की बघा, हे तुमच्याकडे आहे, आता यातल्या कशाकशाचा कागद आहे ते शोधू.

आणि इथे मला पहिल्यांदा समजलं की लग्न झालं हे सिद्ध करणं आणि लग्न चालू आहे हे सिद्ध करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाल्याचा पुरावा आपल्याकडे पक्का असतो, नगरपालिकेचं विवाह नोंदणीचं सर्टिफिकेट, त्यासाठी तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही असतेच. चालू असल्याचा पुरावा मात्र फार बारीक बारीक गोष्टींत असतो, आणि त्या इतक्या रोजच्या असतात की आपल्याला त्या पुरावा वाटतच नाहीत.

आमच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जुलै २०२४ मध्ये झालं, नवरा तिकडे, सासरे थकलेले, म्हणून मीच घेऊन गेले होते. दवाखान्याच्या संमतीपत्रावर नातेवाईक म्हणून माझी सही आणि नात्याच्या रकान्यात "सून". तो कागद औषधांच्या पिशवीत चुरगाळून पडला होता. मॅडमनी तो हाताने सरळ केला, प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि म्हणाल्या हा तुमच्या अल्बममधल्या पन्नास फोटोंच्या बरोबरीचा आहे. तसंच रेशन कार्ड, माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणि सासरच्या कार्डात चढवल्याचा. माझ्या एलआयसीच्या पॉलिसीत नॉमिनी वडील होते ते बदलून नवरा केला होता, ते पण लग्नानंतर तीन महिन्यांतच, कोणी सांगितलं म्हणून नाही. नवरा दर महिन्याला मला थोडे पैसे पाठवायचा त्याच्या नोंदी. हे सगळं आधीपासून घरात होतं! पहिल्या अर्जाच्या वेळी पण यातलं बरंचसं होतं, विचारलंच नाही कोणी.

फोटो अकराशे होते, त्यातले बावीस निवडले. अंतरपाटाचा फोटो माझा सगळ्यात आवडता, तो काढून टाकला कारण त्यात दोघांचे चेहरे एकत्र दिसत नाहीत. मुंडावळ्यांचे बरेचसे त्याच कारणाने गेले. त्याऐवजी त्यांनी काय घेतलं तर माझ्या मामांकडच्या केळवणाचा फोटो, त्यात आम्ही दोघं जमिनीवर बसून जेवतोय आणि मामी वाढतेय, आणि दिवाळीत नवरा माझ्या आजीला पायरीवरून हात धरून उतरवतोय तो, जो माझ्या भावाने मागून सहज काढला होता. प्रत्येक फोटोखाली तारीख, गाव, कोण कोण आहे आणि कसला प्रसंग हे दोन ओळींत. केळवण म्हणजे काय हे पण लिहायला लावलं, की लग्नाआधी नातेवाईक मुलाला किंवा मुलीला जेवायला बोलावतात, कारण म्हणाल्या की वाचणाऱ्याला ते माहीत असायचं काही कारण नाही आणि न कळणारा फोटो म्हणजे नुसताच जेवणाचा फोटो.

जानेवारी २०२५ ची आमची लग्नानंतरची पहिली संक्रांत. मी काळी साडी, हलव्याचे दागिने घालून बसलेली, घरभर बायका, आणि नवरा नाइट शिफ्ट करून आलेला, डोळे उघडत नाहीत त्याचे, तरी व्हिडिओ कॉलवर तासभर बसून होता. नणंदेने फोटो काढला त्यात माझ्या हातातल्या फोनवर त्याचा चेहरा दिसतो. मॅडमनी त्या दिवशीची कॉलची नोंद, हा फोटो आणि त्याच्या त्या महिन्याच्या पेस्लिपवरचा नाइट शिफ्टचा भत्ता हे तीन शेजारी शेजारी लावले. भारत आणि यूकेच्या वेळेत हिवाळ्यात साडेपाच तासांचा आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, आमचे सगळे कॉल बघितले तर त्याच्या शिफ्टप्रमाणे पुढेमागे सरकलेले दिसतात, मुद्दाम ठरवून कोणी असं करू शकत नाही. हे मी स्वतः कधीच पाहिलं नसतं.

आता व्हॉट्सॲपच्या चॅटबद्दल, कारण सगळे जण हेच विचारतात. आमचं चॅट एक्सपोर्ट केलं तर हजारो पानं झाली. ते सगळं द्यायचं नाही, कोणी वाचत नाही. दर महिन्यातले दोन-तीन दिवस घेतले, कुठलेही, आणि ते दिवस पूर्ण घेतले, मधलं काही न कापता. मला वाटलं होतं प्रेमाचे मेसेज घ्यायचे. मॅडमनी घेतलं ते त्याचा बॉयलर बिघडला होता आणि थंडीत तो मला दर दहा मिनिटांनी कळवत होता ते, आणि एक भांडण, की त्याने मला न विचारता त्याच्या मित्राला पैसे उसने दिले. मी म्हटलं मॅडम हे नको ना, भांडण कशाला दाखवायचं. त्या म्हणाल्या, "अगं, खोट्या बायकोला काय पडलंय त्याने पैसे कुणाला दिले याचं?"

यात एक अडचण मात्र सगळ्यांना येणार, ती म्हणजे भाषा. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाचं भाषांतर लागतं, आणि त्यावर भाषांतर करणाऱ्याने अचूक असल्याचं लिहून तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क द्यावा लागतो. आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतो, ते बघायला इंग्रजी वाटतं पण मराठीच आहे, त्याचं पण भाषांतर लागलं. लग्नपत्रिका, रेशन कार्ड, दवाखान्याचा कागद आणि चॅट मिळून सेहेचाळीस पानं. पत्रिकेतलं "आमचे येथे श्रीकृपेकरून" इथपासून खाली "आहेर आणू नये" इथपर्यंत सगळं.

नावाचा घोळ तर आपल्या मराठी घरांतला खास. माझं माहेरचं नाव रूपाली, लग्नात तांदळात अंगठीने गार्गी लिहिलं. पासपोर्टवर रूपाली, मधलं नाव वडिलांचं, आडनाव माहेरचं. विवाह नोंदणीत लग्नापूर्वीचं नाव रूपालीच. पण रेशन कार्डात गार्गी, मधे नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. सासूबाईंच्या मेसेजमध्ये गार्गी, नवरा मात्र रूपाच म्हणतो. म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार या दोन बायका आहेत! पहिला एजंट म्हणाला होता पासपोर्ट बदलून घ्या पटकन. मॅडम म्हणाल्या काही गरज नाही, अर्ज पासपोर्टवरच्याच नावाने जातो, फक्त फॉर्ममध्ये दुसऱ्या नावाने ओळखलं जातं का या प्रश्नाला हो म्हणायचं, ते नाव द्यायचं, आणि पत्रात एक परिच्छेद की आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत आहे, कुठल्या कागदावर कुठलं नाव आहे त्याची यादी. तांदळाच्या ताटाचा फोटो होता, नशिबाने त्यात नाव वाचता येत होतं, तो त्या यादीच्या मागे लावला. ज्या मुलींची नावं बदललीत त्यांनी हे नक्की करा.

स्टेटमेंट मी माझं मराठीत लिहिलं, नवऱ्याने त्याचं वेगळं, इंग्रजीत, एकमेकांचं न बघता. मॅडमनी भाषा सुधारली नाही, फक्त तारखा कागदांशी ताडून बघितल्या. आणि त्यात सुरुवातीलाच स्पष्ट लिहायला लावलं की आधी अर्ज नाकारला गेला होता, त्यातलं स्टेटमेंट आम्ही लिहिलेलं नव्हतं, न वाचता सही केली ही आमची चूक, आणि कॉलेजची गोष्ट खरी नाही. घरातले सगळे घाबरले की हे कशाला स्वतःहून सांगायचं. पण आधीचं रिफ्युजल फॉर्ममध्ये विचारतातच आणि जुनी फाइल त्यांच्याकडे असतेच. ठरवून झालेलं लग्न आहे, दोन भेटींत होकार दिला, हे पण सरळ लिहिलं. मला वाटायचं ठरवून केलेलं लग्न म्हटलं की त्यांना संशय येणार, आणि हा समज एकटा माझा नाहीये, त्याला कारण आहे. सासऱ्यांचे एक मित्र ऐंशीच्या दशकात लग्न करून बर्मिंगहॅमला बायकोकडे जाणार होते, बायको तिथलीच, त्यांना मुलाखतीत विचारलं होतं की मग तीच भारतात का येत नाही. तेव्हा तिकडे प्रायमरी पर्पज नावाचा नियम होता, लग्नाचा मुख्य हेतू यूकेत येणं हा नाही हे अर्जदारानेच सिद्ध करायचं, आणि आपल्याकडच्या ठरवून केलेल्या लग्नांना तो फार नडायचा. नसलेला हेतू कसा दाखवणार हो माणूस? जून १९९७ मध्ये तो नियम काढला. काकांना तोपर्यंत जायची इच्छाच राहिली नव्हती, शेवटी काकूच इकडे आल्या. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेलीय की आम्ही सगळे अजून त्याच भीतीने वागत होतो. मॅडम म्हणाल्या आता नियमात ठरवून किंवा प्रेमविवाह असा फरक नाही, प्रत्यक्ष भेटलेले असणं, लग्न कायदेशीर असणं, नातं खरं असणं आणि पुढे एकत्र राहायचा इरादा असणं हे बघतात, मग खोटं प्रेमप्रकरण रचायचं कशाला.

बाकी गोष्टी पटकन सांगते. इंग्रजीची ए-वन म्हणजे अगदी सुरुवातीच्या लेव्हलची परीक्षा फक्त बोलणं आणि ऐकणं, माझ्या वेळी दोन उमेदवार एकत्र बसवले होते, घाबरायचं काही नाही. टीबीची टेस्ट त्यांच्या यादीतल्याच क्लिनिकमध्ये करायची, सर्टिफिकेट सहा महिने चालतं, म्हणून फार लवकर करू नका. डर्बीच्या घराचं भाडेपत्र आणि घरमालकाचं मी तिथे राहू शकते असं पत्र लागलं. मे २०२५ मध्ये अर्ज गेला तेव्हा फी वाढून १,९३८ पौंड झाली होती. कागद आपणच अपलोड करायचे असतात, मग पुण्यातच व्हीएफएसला, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या सेंटरला, बोटांचे ठसे आणि फोटो.

आणि आता तक्रारी, कारण एक स्टार कापलाय तो उगाच नाही. संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी मॅडम फोन घेत नाहीत, मेसेजला उत्तर कधी दोन दिवसांनी. नवरा लांब, रोज वाट बघणाऱ्या मुलीला दोन दिवस म्हणजे काय असतं हे त्यांना माहीत नसेल असं नाही, निदान "बघते" एवढं तरी लिहावं. भाषांतराचे पैसे वेगळे आहेत हे आधी सांगितलं नाही, सेहेचाळीस पानांचं बिल बघून मला धक्काच बसला. आणि सगळ्यात मोठी चूक, त्यांच्याकडच्या मुलाने स्कॅन करताना नवऱ्याच्या बँक स्टेटमेंटची पाठची बाजू सोडली, मार्चचं अर्धं स्टेटमेंट गायब. अपलोड करायच्या आदल्या रात्री मी स्वतः प्रत्येक पान मोजलं म्हणून सापडलं. मॅडमनी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ऑफिस उघडून परत स्कॅन करून दिलं, माफी पण मागितली, पण मी मोजलं नसतं तर? त्यामुळे कोणाकडेही करा, पानं स्वतः मोजा.

आणखी एक. या मॅडम भारतात बसून काम करतात. यूकेत इमिग्रेशनचा सल्ला देणाऱ्याला तिथली नोंदणी लागते, ती ओआयएससी नावाची संस्था होती, जानेवारी २०२५ पासून इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी, किंवा मग सॉलिसिटर असावा लागतो. भारतातल्या कन्सल्टंटवर ती देखरेख नसते, म्हणून इथे ऑफिसच्या पाट्या बघून काही कळत नाही. मॅडमनी हे स्वतःच पहिल्या दिवशी सांगितलं आणि केस अवघड असेल तर तिकडच्या सॉलिसिटरकडे जा म्हणून सांगतात, माझ्या समोर त्यांनी एका मुलाला तसंच पाठवलं, पैसे न घेता. जो तुम्हाला शंभर टक्के व्हिसा मिळवून देतो म्हणेल तिथून उठा.

ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल आला. पासपोर्टवर नव्वद दिवसांचा स्टिकर आणि बाकी ई-व्हिसा म्हणजे ऑनलाइन नोंद, एकूण दोन वर्षं नऊ महिने. सप्टेंबरमध्ये आले इकडे. मॅडमना फोन केला तर आनंद झाल्याचं एकच वाक्य बोलल्या आणि लगेच कामाचं, की आता पुढच्या मुदतवाढीला इंग्रजी ए-टू, म्हणजे वरची पायरी, लागेल आणि एका पत्त्यावर दोघांच्या नावाने येणारी पत्रं आजपासून साठव, कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा), बँक, डॉक्टरची नोंदणी, वर्षभर थोडी थोडी, शेवटच्या महिन्यात गोळा केलेली नकोत. फ्रिजवर क्लिप लावलीय, पत्र आलं की आधी तिथे आणि महिनाअखेरीला फाइलमध्ये.

जाणाऱ्यांसाठी एवढंच, आधी फोन करून वेळ घ्या, सकाळची मिळाली तर बरं, दोघांपैकी एक परदेशात असेल तर त्याला व्हिडिओ कॉलवर ठेवा, त्याशिवाय त्या सुरुवात करत नाहीत. लग्नपत्रिकेच्या दोन प्रती न्या, एक त्या ठेवून घेतात. आणि रिफ्युजल झालं असेल तर ते पत्र पूर्ण न्या, सगळी पानं.